मधली फळी

'मधली फळी' हे शब्द वाचतांच पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढें क्रिकेटचें मैदान उभें राहील, आणि चवथ्या-पांचव्या क्रमांकाच्या फलंदाजांविषयीं आज कांहीं मजकूर आहे अशी त्यांची समजूत होईल. त्यांची निराशा होणार, ह्यास आमचा नाइलाज आहे. आम्हांस लिहावयाचें आहे तें खरोखरीच्या फळीविषयीं. समुद्राच्या लाटेवर उभें राहून किनाऱ्याकडे घसरत येण्याचा जो खेळ इंग्रजींत सर्फिंग ह्या नांवानें प्रसिद्ध आहे, त्यांत खेळणाराच्या पायांखालीं असणारी ती फळी. हवाई बेटांच्या मूळ भाषेंत ह्या खेळास 'हेए नालु', म्हणजे लाटेवरून घसरणें, असें साधें व समर्पक नांव आहे. आजच्या फळ्या साधारणतः ५ फुटांपासून १० फुटांपर्यंत लांब असतात. त्यांपैकीं साडेसहा ते ८ फुटांच्या दरम्यानची, व तळाशीं शेपटाकडे माशाच्या परासारखें एकच उभें पातें बसविलेली, अशी जी जात आहे तीच येथें आमची मधली फळी. ह्या पात्यास आपण ह्यापुढें 'पर' असेंच म्हणूं. दर्यावरच्या वस्तूस माशाचाच शब्द शोभतो.

ह्या खेळाचा इतिहास लिहिणारांची एक ठराविक पद्धति पडून गेलेली आहे. आरंभीं जड ओंडक्यासारखी लाकडी फळी. मग तिला पर बसला. मग लाकूड जाऊन प्लास्टिकचा फेस व काचतंतू आले. मग ती आखूड झाली. मग एका पराचे दोन व दोहोंचे तीन झाले. आणि अशा रीतीनें १९८१ च्या सुमारास फळी पूर्णावस्थेस पोंचली! ह्या जिन्यावर मधल्या फळीच्या वांट्यास एकच अरुंद पायरी येते. १९६७ ते १९७० ह्या तीन-चार वर्षांत लोक तिच्यावर पाय देऊन धांवत वर गेले, तिच्यावर थांबलें कोणी नाहीं, असें सांगण्यांत येतें. इतिहास शिकविण्यांत ज्यांचा जन्म गेला त्यांस हा जिना फार ओळखीचा आहे. राज्यसंस्था, भाषा, नाटक, शेतीचीं औतें, कोणताहि विषय घ्या, कोणी ना कोणी त्याचा जिना बांधून ठेविलेलाच असतो, व परीक्षेस तोच उतरवून काढला कीं मार्क मिळतात. आमचें म्हणणें असें कीं, फळीच्या बाबतींत तरी हा जिना खोटा आहे. फळी करणारा कारागीर आदल्या पिढीच्या फळीस उत्तर देत नाहीं, तो आपल्या पुढ्यांतील लाटेस उत्तर देतो. आणि लाटा सर्वत्र सारख्या नसतात.

ही गोष्ट हवाईच्या लोकांनीं फार पूर्वीं ओळखली होती. कॅप्टन कुकच्या गलबतांवरील लेफ्टनंट जेम्स किंग ह्यानें १७७९ सालीं केआलाकेकुआच्या उपसागरांत तेथील लोक फळ्या घेऊन लाटांत शिरतांना पाहिले व त्याचें वर्णन लिहून ठेविलें. पण किंगची दृष्टि पाहुण्याची. त्यास दिसलें तें धाडस. फळीचा विचार हवा असल्यास जॉन पापा ईई ह्या हवाईयन गृहस्थाकडे गेलें पाहिजे. राजवाड्यांत लहानाचा मोठा झालेल्या ह्या गृहस्थानें १८६६ ते १८७० ह्या काळांत होनोलुलूच्या एका देशी भाषेंतील वृत्तपत्रांत आपल्या लोकांच्या जुन्या चालीरीतींवर लेख लिहिले, आणि त्यांत फळ्यांच्या जाती लाटांच्या जातींशीं जोडून दाखविल्या. 'ओलो' नांवाची लांब, जाड व मध्यें फुगीर फळी होती. जी लाट नुसती फुगून किनाऱ्याकडे धांवते, लवकर फुटत नाहीं, तिच्यासाठीं ती चांगली. उंच उठून फेसाचें वेटोळें करणाऱ्या लाटेवर तिचा उपयोग नाहीं, कारण वेळेवर बाजूस काढली नाहीं तर ती उधळून फेकली जाते. 'अलाया' ही पातळ, पुढें रुंद व सुमारें ९ फूट लांब. वेटोळ्या लाटेवर ती तिरपी कापत जाते. ओलो मुख्यतः सरदारांची, आणि तींत मानमरातबहि होता. अब्नर पाकी नामक सरदाराच्या अशा फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयांत जपून ठेविल्या आहेत. त्यांची लांबी १४ फुटांहून अधिक व वजन १५० पौंडांच्या आसपास आहे. परंतु ईईच्या लेखांत हिशेब आहे तो जोडीचा, ही फळी त्या लाटेची व ती फळी ह्या लाटेची असा. आमच्या कोंकणांतील कोळीहि खाडींत लहान होडी व बाहेर समुद्रांत मचवा नेतो; मचवा आल्यामुळें होडी 'मागासलेली' ठरली असें कोणी त्यास सांगूं लागल्यास तो हंसेल.

त्यापुढील शंभर वर्षांची हकीकत दुःखाची आहे व ती येथें थोडक्यांतच सांगतों. गोऱ्या लोकांबरोबर आलेल्या रोगांनीं बेटांवरील मूळ लोकसंख्या भराभर घटली. १८२० सालीं आलेल्या मिशनऱ्यांस ह्या उघड्या अंगाच्या खेळाविषयीं प्रेम नव्हतें. १८९३ त राणी लिलिउओकलानी हिचें राज्य उलथविण्यांत आलें व १८९८ त अमेरिकेनें तें खालसा केलें. 'खालसा' ह्या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रांतील वाचकांस सांगावयास नको. खेळ मात्र मेला नाहीं. १८८५ सालीं हवाईचे तीन राजपुत्र कॅलिफोर्नियांत शिकावयास असतां त्यांनीं सांताक्रूझ येथें नदीच्या मुखाशीं रेडवुड लाकडाच्या फळ्यांवर लाटा घेतल्या. १९०७ त जॉर्ज फ्रीथ हवाईहून कॅलिफोर्नियास गेला. १९१२ च्या ऑलिंपिक सामन्यांत १०० मीटर पोहण्याचें सुवर्णपदक मिळविणारा ड्यूक कहानामोकू १९१४ च्या अखेरीस सिडनीस गेला, व फ्रेशवॉटर येथें त्यानें पाईन लाकडाची फळी घडवून तीवर लोकांस हा खेळ दाखविला. ज्यांचें राज्य गेलें त्यांचा खेळ जगभर गेला!

ह्यांपैकीं एकाहि फळीस पर नव्हता. परावांचून अडचण ती कोणती, हें समजण्यास थोडें लाटेच्या पोटांत शिरलें पाहिजे. लाटेबरोबर सगळें पाणी किनाऱ्याकडे वाहत येतें अशी सामान्य समजूत आहे, ती बरोबर नाहीं. लाटेचा आकार पुढें सरकतो. पाणी बहुतांशीं जागच्या जागीं वर उचललें जातें व पुन्हां खालीं बसतें. तेव्हां लाटेच्या उतारावर आडव्या जाऊं पाहणाऱ्या फळीखालून पाणी सारखें वर चढत असतें, आणि फळीचें शेपूट उताराच्या बाजूस निसटूं पाहतें. त्या काळचे खेळाडू एक पाय पाण्यांत सोडून त्याच्या ओढीनें फळी वळवीत असत. १९३५ सालीं वायकीकी येथें टॉम ब्लेक ह्या अमेरिकन गृहस्थानें एका टाकून दिलेल्या मोटारनावेच्या तळाचें पातें, सुमारें १ फूट लांब व ४ इंच खोल, आपल्या फळीच्या शेपटाखालीं बसवून पाहिलें. हा ब्लेक म्हणजे संग्रहालयांतील पाकीच्या फळ्या दुरुस्त करून, त्यांच्या नमुन्यावर हलक्या पोकळ फळ्या करणारा मनुष्य. जो पुराणवस्तूंच्या नादीं लागला होता त्याच्याच हातून सर्वांत मोठी नवी गोष्ट घडली, ह्याची जिना बांधणारांनीं नोंद घ्यावी. पराचें काम पक्ष्याच्या पंखासारखें आहे. वाहत्या पाण्याशीं किंचित् कोन करून तो एका बाजूस दाब उत्पन्न करतो व शेपटास धरून ठेवतो. हा कोन फार वाढला तर मात्र पाण्याचा ओघ त्याच्या अंगापासून सुटतो, आणि धरलेला हात एकदम सुटावा तसें शेपूट निसटतें.

ह्याच प्रश्नाचें दुसरें उत्तर दोनच वर्षांनीं त्याच बेटावर निघालें. १९३७ सालीं जॉन केली, वॉली फ्रॉइसेथ व फ्रॅन हीथ हे तरुण ओआहूच्या उभट लाटांवर रुंद शेपटाची फळी वारंवार निसटते म्हणून त्रासले होते. केलीनें कुऱ्हाड घेतली आणि फळीचें शेपूट दोहों बाजूंनीं तासून अरुंद केलें. अरुंद शेपूट पाण्यांत खोल बसतें व परावांचूनच फळीस धरून ठेवतें. पुष्कळ इतिहासांत ब्लेकची पायरी ठळक कोरलेली असते आणि ही कुऱ्हाड एखाद्या टीपेंत जाते. पण मधल्या फळीची वंशावळ शोधूं गेल्यास तिचे आईबाप ह्या दोन ठिकाणींच सांपडतात; पर ब्लेकचा आणि शेपूट केलीच्या कुऱ्हाडीचें. लग्न जुळावयास तेवढीं तीस वर्षें लागलीं.

त्या तीस वर्षांत साहित्य बदललें. दुसऱ्या महायुद्धानंतर हलकें बाल्सा लाकूड व त्यावर काचतंतू आणि राळ ह्यांचा लेप आला. बॉब सिमन्स ह्या कॅलिफोर्नियांतील हुशार व विक्षिप्त मनुष्यानें वेगवान नौकांच्या तळांचें गणित फळीस लावून पाहिलें. तो १९५४ सालीं लाटांतच वारला. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पॉलियुरेथेनचा फेस आला, १९५९ त 'गिजेट' हा बोलपट निघाला, आणि मालिबूची पुळण गर्दीनें फुलून गेली. ह्या काळची फळी ९-१० फूट लांब, रुंद, गोल नाकाची, व एकाच मोठ्या जाड पराची. मालिबू येथें धोंड्यांच्या भूशिरास वळसा घालून येणारी लाट लांब व शिस्तीची असते. तेथें फळीवरून चालत नाकापर्यंत जावें, आणि पायांचीं बोटें टोंकाबाहेर काढून उभें राहावें, हाच कौशल्याचा कळस मानला जाऊं लागला.

ह्या आरामशीर दरबारांत बंडखोर शिरला तो गुडघ्यांवर बसून. जॉर्ज ग्रीनो हा सांता बार्बाराचा तरुण लहानशा चमच्याच्या आकाराच्या फळीवर गुडघे टेकून खेळे. त्याच्या फळीचा पर मात्र विलक्षण होता. ट्यूना माशाच्या परासारखा उंच, अरुंद, मागें झुकलेला व टोंकाशीं लवचीक. जुना पर म्हणजे शेपटाखालीं अडकविलेलें फावडें. तो पाणी पुष्कळ अडवी व त्या मानानें पकड थोडी देई. उंच व अरुंद पर थोडक्या क्षेत्रफळांत अधिक पकड देतो, घारीच्या लांब पंखांचें तत्त्व तेंच. ग्रीनो ऑस्ट्रेलियास जाऊं लागला, आणि बॉब मॅकटॅविश व नॅट यंग ह्या तेथील तरुणांनीं त्याचीं वळणें पाहिलीं. उभ्यानें असें वळतां येईल काय, हा प्रश्न त्यांच्या डोक्यांत शिरला. १९६६ सालीं सॅन डिएगो येथील जागतिक स्पर्धा यंगनें जिंकली. फळी ९ फूट ४ इंच, पण त्या काळाच्या मानानें पातळ, आणि तीस ग्रीनोच्या धर्तीचा पर. १९६७ त मॅकटॅविशनें लांबी ९ फुटांच्या आंत आणण्यास आरंभ केला. शेपूट त्यानें रुंदच ठेविलें, व तळास इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा उतार दिला.

त्या वर्षींच्या डिसेंबरांत हे ऑस्ट्रेलियन आपल्या फळ्या घेऊन हवाईस गेले, आणि थोडक्याच दिवसांत एका घाटाच्या फळीनें दोन लाटांवर दोन निरनिराळे निकाल दिले. आमच्या मतें ह्या खेळाच्या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद प्रसंग हाच होय. ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावरील सनसेट येथें मोठ्या लाटेवर मॅकटॅविशची फळी पुनःपुन्हां निसटली, व पाहणारांस हंसूं आलें असल्यास नवल नाहीं. पुढें माउई बेटावरील होनोलुआ उपसागरांत यंग व मॅकटॅविश उतरले, आणि तेथें ह्याच फळ्यांनीं अशीं खोल वळणें घेतलीं कीं, त्यांचें चित्रण पाहून अनेकांनीं आपल्या लांब फळ्या विकावयास काढल्या. कारण उघड आहे. वळतांना फळी एका कडेवर कलते, आणि एकुलता पर तर मध्यावर असतो. शेपूट रुंद असेल तर फार कललेल्या फळीची एक कड पाण्यांत व मध्यभाग वर उचललेला अशी स्थिति होते. म्हणजे ज्या क्षणीं पकड हवी त्याच क्षणीं पर पाण्याबाहेर येतो. सनसेटची लाट खोल समुद्रांतून एकदम खडकावर चढते. तिचा वेग मोठा, उतार उभा व फुटण्याची जागा सारखी बदलणारी. तेथें फळीस फार कलावें लागतें. होनोलुआची लाट भूशिराच्या कडेनें, केळें सोलावें तशी, एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत क्रमानें फुटत जाते. तेथें लांबलचक भिंत मोकळी मिळते व वळण सावकाश घेतां येतें.

सनसेटवरील रोगाचें औषध त्या बेटांवरच होतें. मोठ्या लाटांच्या हवाईयन फळ्यांचें शेपूट केलीच्या दिवसांपासून निमुळतें होत आलें होतें, व डिक ब्रूवर हा तेथील कारागीर त्याच सुमारास आपल्या फळ्यांची लांबी स्वतंत्रपणें कमी करीत होता. आखूडपणा आणि निमुळतें शेपूट ह्यांचा मेळ बसला. शेपूट अरुंद असल्यामुळें फळी कितीहि कलली तरी मध्यावरचा पर पाण्यांतच राहिला. आखूड फळीचें श्रेय ऑस्ट्रेलियाचें कीं हवाईचें, ह्यावर दोन्ही पक्षांचे लोक अद्याप भांडतात. शिवाजीमहाराजांच्या एखाद्या किल्ल्याच्या तारखेवरून आमच्याकडे जसे वाद रंगतात तसाच हाहि एक. त्यांत पडण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं.

एवढें झाल्यावर थांबावयास हरकत नव्हती. पण थांबेल ती फॅशन कसली? ८ फुटांवरून ७, सातांवरून सहा, आणि १९७० उजाडलें तों ६ फुटांच्याहि खालीं उतरलेल्या फळ्यांवर मोठमोठे खेळाडू बुडत-तरंगत होते. त्या वर्षींची जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया संस्थानांत बेल्स येथें भरली, आणि चांगल्या लाटेच्या शोधांत पुढें जोहॅना येथें नेण्यांत आली. यंगप्रभृति यजमान अगदीं आखूड फळ्या घेऊन आले होते. कॅलिफोर्नियाचा रॉल्फ ऑर्नेस हा अठरा वर्षांचा मुलगा मात्र ७ फुटांना थोडी कमी अशी एका पराची फळी घेऊन आला. जोहॅनाच्या मोठ्या लाटांत यजमान एकेका वळणासाठीं झगडत असतां हा मुलगा दूरवरून लाट पकडून तिच्या भिंतीवरून वेगानें लांब निघून जाई. स्पर्धा त्यानेंच जिंकली. जिना चढणाऱ्या इतिहासाच्या मतें तो दोन पायऱ्या खालीं उभा होता.

आतां ही फळी निरनिराळ्या लाटांवर कशी वागते तें पाहूं. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें १.३ पट उरली म्हणजे लाट फुटते, हा स्थूल नियम आहे. तळ हळूहळू चढत असेल तर माथा सावकाश ढांसळून फेस उतारावरून ओघळतो. तळ एकदम चढला तर ठेंच लागलेल्या माणसाप्रमाणें माथा पुढें कोसळतो व आंत पोकळ नळी तयार होते. वायकीकी पहिल्या जातीची. ओआहूचीच पाइपलाइन दुसऱ्या जातीची. पहिल्या जातीच्या लहान लाटेवर मधली फळी बरी चालते, उत्तम नव्हे. आखूड फळीपेक्षां ती लाट लवकर पकडते, पण लाट अगदींच दुबळी असल्यास १० फुटी फळीपुढें तिचें कांहीं चालत नाहीं. कमरेपासून डोक्याच्या थोड्या वरपर्यंत उंचीची, भूशिरास वळसा घालून लांबवर सोलत जाणारी लाट हें तिचें माहेर. मालिबू, तेथून वायव्येस रिंकन, माउईचें होनोलुआ, हीं अशीं स्थळें. येथें तिचा स्वभाव नीट समजून घेतला पाहिजे. तीन परांच्या फळीचे बाजूचे दोन पर नाकाकडे किंचित् आंत वळविलेले असतात. प्रत्येक वळणांत त्यांवर भार देऊन फळीस पुढें रेटा देतां येतो. एका परास असा रेटा देतां येत नाहीं. तीन पर म्हणजे वल्हें व एक पर म्हणजे शीड, असें म्हटलें तर कोंकणस्थ वाचकांस चटकन् समजेल. शिडाच्या होडींत मनगटाच्या जोरापेक्षां वाऱ्याची पारख मोठी; तशी ह्या फळीवर लाटेच्या उतारावरची नेमकी उंची शोधून तीवर कड टेकवून राहण्याची हातोटी मोठी. वळणें थोडीं, पण लांब व मागच्या पायावर सावकाश भार देऊन घेतलेलीं. घाईनें पाय झाडणारास ती दाद देत नाहीं.

वाळूच्या सपाट पुळणीवर एकदम उठून एकदम कोसळणारी जी आखूड लाट, तिच्यावर मात्र ह्या फळीचे हाल होतात. उताराचा बांक फळीच्या लांबीपेक्षां तीव्र असल्यामुळें नाक पाण्यांत घुसतें, आणि एक वळण पुरें होण्यापूर्वींच लाट संपते. तिच्या चाहत्यांनींहि हें मान्य करावें. मोठ्या लाटेसाठीं शेपूट अधिक निमुळतें व पर अधिक खोल करावा लागतो, पण मग ती जुन्या ९-१० फुटी फळीइतकीच भरंवशाची होते. आणि पोकळ नळीसारख्या लाटेंत, जेथें ती टिकणार नाहीं असें प्रथमदर्शनीं वाटेल, तेथें तर तिनें कीर्ति मिळविली. जेरी लोपेझ ह्यानें १९७२ व १९७३ सालीं पाइपलाइनची स्पर्धा जिंकली ती निमुळत्या शेपटाच्या, एका पराच्या फळीवर. नळीच्या आंत वळणांची गरज नसते. एक रेषा धरून स्थिर राहावें लागतें, आणि रेषा धरणें हा एका पराचा जन्मजात गुण.

मग दोन पर व तीन पर आले ते उगीच काय? मुळींच नव्हे. पर कडेजवळ असला म्हणजे रुंद शेपटाची फळी कितीहि कलली तरी तो पाण्यांतच राहतो. लहान, दुबळ्या लाटेस रुंद शेपूट हवें असतें, म्हणून तेथें दोन परांनीं बाजी मारली. ऑस्ट्रेलियाचा मार्क रिचर्ड्स १९७९ ते १९८२ अशीं चार वर्षें दोन परांच्या फळीवर जगज्जेता झाला. परंतु हाच रिचर्ड्स हवाईच्या मोठ्या लाटांत एका पराची फळी घेई, हें त्याच्या चरित्रांतील वाक्य जिन्यावर कोणी कोरीत नाहीं. त्याचाच देशबांधव सायमन अँडर्सन हा अंगानें धिप्पाड. दोन परांची फळी त्याच्या पायांखालून निसटे. १९८० त त्यानें दोन परांमागें छोटा तिसरा पर लावलेली एक फळी पाहिली, घरीं येऊन तिन्ही पर जवळजवळ सारखे केले, व १९८१ च्या ईस्टरमध्यें बेल्सच्या प्रचंड लाटांत स्पर्धा जिंकली. ह्या युक्तीचें पेटंट त्यानें कधींच घेतलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस त्याच्या विजयाहूनहि मोठी वाटते. तीन पर ही खरी सुधारणा आहे. उभ्या लाटेंत धरतात, लहान लाटेंत रेटा देतात; एवढ्या विविध लाटांवर एवढें तीव्र वळण दुसऱ्या कोणत्याहि फळीस साधत नाहीं.

आमची तक्रार फळीविषयीं नाहीं, तिच्या नांवानें झालेल्या सक्तीविषयीं आहे. स्पर्धेंत अर्ध्या तासाच्या आंत वळणांची तीव्रता व संख्या मोजावयाची असते, आणि तारीख आधीं ठरल्यामुळें मिळेल त्या लाटेवर भागवावें लागतें. अशा परीक्षेस उत्तम अशी फळी म्हणजे सर्वांस, सर्व वयांत, सर्व किनाऱ्यांवर उत्तम फळी, असें गृहीत धरलें गेलें. १९८० नंतरच्या वीस वर्षांत दुकानांतील कपाटें एकाच घाटाच्या, दिवसेंदिवस पातळ व अरुंद होत गेलेल्या फळ्यांनीं भरलीं. चाळिशी उलटलेला, आठवड्यांतून एकदां पाण्यांत उतरणारा मनुष्यहि जगज्जेत्याच्या मापाची फळी बगलेंत मारून निघे, व लाटेपेक्षां फळीशींच झुंजून दमून परत येई. कित्येकांनीं ह्याच पायीं खेळ सोडला. मधल्या लांबीची फळी मागणारास दुकानदार जी देत तिचें नांव 'फनबोर्ड', म्हणजे गंमतीची फळी! पोरासोरांच्या व नवशिक्यांच्या रांगेंत बसविल्यावर कोणता स्वाभिमानी गृहस्थ ती विकत घेईल?

तरी धागा तुटला नव्हता. मालिबूच्या परिसरांत ग्रेग लिडल हा कारागीर ग्रीनो व मॅकटॅविश ह्यांच्या कल्पनांवरून गोलसर तळाच्या, धारदार कडांच्या व लवचीक पराच्या मध्यम फळ्या १९६८-६९ पासून पुढें कित्येक वर्षें करीत राहिला. त्या मालिबूसारख्या लांब लाटेस बेतलेल्या होत्या आणि इतरत्र चालतील असा त्याच्या गिऱ्हाइकांचा आग्रहहि नव्हता. १९९६ त अँड्रू किडमनच्या 'लिटमस' ह्या चित्रपटांत डेरेक हिंड दक्षिण आफ्रिकेंतील जेफ्रीज बे येथें निरनिराळ्या जुन्या घाटांच्या फळ्यांवर लाटा घेतांना दिसला, व माजी स्पर्धकानेंच असें केल्यामुळें लोक चमकले. ५ डिसेंबर २००५ रोजीं अमेरिकेंतील बहुतेक कारागिरांस फेसाचे ठोकळे पुरविणारा क्लार्कचा कारखाना अचानक बंद झाला. कित्येक दिवस ठोकळा मिळेना. पण त्या कारखान्याच्या ठराविक सांच्यांबरोबर ठराविक घाटांची सवयहि थोडी सुटली, आणि कारागीर जुनीं मापें पुन्हां काढून पाहूं लागले. आज साडेसहा ते ८ फुटांची फळी जाणते खेळाडू उघडपणें वापरतात, व तिला गंमतीची म्हणण्याचें धाडस सहसा कोणी करीत नाहीं.

ह्या फळ्यांच्या तळाशीं बहुधा सुमारें १० इंच लांबीची एक खांच असते, आणि पर तींत मागें-पुढें सरकवून स्क्रूनें पक्का करतां येतो. पुढें घेतला तर फळी चटकन् वळते. मागें नेला तर रेषा घट्ट धरते व मोठ्या लाटेस बरी पडते. मालिबूस किंवा रिंकनला सकाळीं गेल्यास गाडीच्या मागें फळी उताणी टाकून, हातांत स्क्रूड्रायव्हर घेऊन, कांहीं वेळ नुसते लाटेकडे पाहत उभे असलेले लोक दिसतात. मग ते खालीं वाकतात आणि पर बोटभर इकडे किंवा तिकडे सरकवितात.